वीत मोजा, मग धून निवडा

बालमित्रांनो,

या आठवड्याच्या टपालात सातवीतल्या एका मित्राचं पत्र आहे. 'माझं नाव छापू नका' या वाक्याखाली त्याने दोन रेघा मारल्या आहेत, म्हणून नाव सांगत नाही. हकिगत मात्र सांगते, कारण थोड्याफार फरकाने ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांची असणार.

हा मित्र दोन वर्षं पियानो शिकतोय. गेल्या गणपतीत त्याच्या मावसभावाने पाहुण्यांसमोर बेथोव्हनची 'फ्यूर एलीझ' वाजवली. टाळ्या पडल्या, पाठ थोपटली गेली. झालं! त्या दिवसापासून यालाही तीच धून हवी. क्लासमधले सर म्हणाले, 'थोडा थांब.' पण याने हट्टच धरला. आता सात महिने उलटले. पहिलं पान येतं, पुढे गाडी रुतते ती रुततेच. कुणी घरी आलं की आई म्हणते, 'वाजवून दाखव रे,' आणि याच्या पोटात गोळा येतो. पत्राच्या शेवटी त्याने विचारलंय, मला पियानो येणारच नसेल तर क्लास सोडून देऊ का?

माझं उत्तर आधीच देऊन टाकते. क्लास अजिबात सोडायचा नाही. सोडायची ती ही धून, आणि तीसुद्धा कायमची नाही. काही दिवसांपुरती कपाटात ठेवायची.

का, ते आता पाहू. तुमच्यापैकी कुणी पेटी शिकत असेल, कुणी बासरी, कुणी गाणं. त्यांनीही पुढे वाचा बरं का! 'आपल्याला झेपेल असं काय निवडावं' हा प्रश्न सगळ्यांचाच आहे.

पहिल्या पानाला भुलू नका

'फ्यूर एलीझ' तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे. नाव माहीत नसेल, पण खेळण्यांत, टेलिफोनवर ती किती वेळा वाजते! बेथोव्हनने ती १८१० मध्ये रचली. तो १८२७ मध्ये वारला आणि धून छापली गेली १८६७ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर तब्बल चाळीस वर्षांनी. आज पियानो शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाला ती हवीच असते.

तिची सुरुवात खरोखर सोपी आहे. तिथे दोन्ही हात एकदम फारसं काम करत नाहीत. उजवा हात थोडं बोलतो, मग डावा बोलतो, मग पुन्हा उजवा. दोन मैत्रिणी आळीपाळीने दोरीवरच्या उड्या मारतात ना, तसं. म्हणून दीड-दोन वर्षं शिकलेल्या मुलाला पहिलं पान जमतं आणि वाटतं, आली की!

पण पान उलटलं की चित्र बदलतं. एका ठिकाणी उजव्या हाताला भराभर धावावं लागतं. त्यापुढे एक भाग येतो, तिथे डावा हात खालचा एकच सूर सारखा वाजवत राहतो आणि त्यावर उजव्या हाताने भारदस्त, एकत्र दाबायचे सूर वाजवायचे असतात. मग खालून वरपर्यंत चढत जाणारी सुरांची लांबलचक शिडी, आणि तिथून घसरगुंडीवरून यावं तसं खाली. आता सांगा पाहू, पहिलं पान येणाऱ्या मुलाला हे कसं जमावं? त्याची बोटं कमकुवत नाहीत की तो 'ढ' नाही. त्या पानाला लागणारी तयारी अजून झालेली नाही, एवढंच.

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा. कोणतीही रचना किती अवघड आहे, हे तिच्या पहिल्या ओळीवरून ठरवायचं नाही. तिच्यातली सगळ्यांत अवघड ओळ शोधायची आणि विचारायचं, ही मला जमेल का? घाटातून ट्रक जाईल की नाही हे सपाट रस्त्यावरून थोडंच कळतं? ते सगळ्यांत उभ्या चढावर कळतं.

आधी कमळ, मग जोडाक्षर

तुम्ही पहिलीत वाचायला कसे शिकलात ते आठवतं का? आधी 'कमळ', 'बदक' अशी साधी अक्षरं. मग काना, मग वेलांटी, उकार, मात्रा. जोडाक्षरं सगळ्यांत शेवटी. मी वर्गात हेच शिकवते. पहिलीतल्या मुलापुढे पहिल्याच आठवड्यात वर्तमानपत्राचा अग्रलेख ठेवला, तर तो वाचायला तर शिकणार नाहीच, वर पुस्तकालाच घाबरायला लागेल. गाण्याच्या क्लासातही पहिल्या महिन्यात भूप सुरू होतो. दरबारी कानडा कुणी देत नाही.

पियानोचंही तसंच आहे. त्यातल्या 'जोडाक्षरां'ची एक छोटी यादी सांगते. दोन्ही हातांनी वेगवेगळं वाजवणं, हाताची जागा बदलणं, अंगठा बोटांखालून नेणं, काळ्या पट्ट्या वाढणं, तीन-चार सूर एकदम दाबणं, पायातलं पेडल सांभाळणं, एका हाताने हळू आणि दुसऱ्याने मोठ्याने वाजवणं. नवी धून समोर आली की ही यादी घेऊन बसा. यातली एखादी-दुसरीच गोष्ट नवी असेल आणि बाकी ओळखीचं असेल, तर धून तुमच्या मापाची. चार-पाच गोष्टी एकदम नव्या असतील तर ती पुढच्या वर्षासाठी ठेवा. आणि नवी गोष्ट एकही नसेल तर? तर ती मजेसाठी वाजवा, पण तिच्याने तुम्ही पुढे सरकणार नाही.

तीन बाबा आणि त्यांची मुलं

आता एक गंमत सांगते. जगातल्या तीन थोर संगीतकारांनी आपापल्या मुलांसाठी काय निवडलं, ते पाहा.

पहिले बाबा म्हणजे जर्मनीतले योहान सेबास्टियन बाख. १७२० मध्ये त्यांनी थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडमानसाठी, एक वही सुरू केली. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. पियानो त्या काळी नुकताच जन्मला होता, घरोघर हार्पसिकॉर्ड आणि क्लॅव्हिकॉर्ड अशी वाद्यं असत. या वहीत सुरुवातीला काय आहे? सुरांची नावं! मग एक छोटीशी रचना, तीत कोणता सूर कोणत्या बोटाने वाजवायचा ते आकड्यांनी लिहिलेलं. मग हळूहळू मोठ्या रचना. एवढा मोठा संगीतकार, पण मुलाला त्यांनी शिडीच्या पहिल्या पायरीवरच उभं केलं.

दुसरे बाबा रॉबर्ट शुमान, हेही जर्मनीतलेच. १८४८ मध्ये त्यांची थोरली मुलगी मारी सात वर्षांची झाली. वाढदिवसासाठी त्यांनी तिला काही छोट्या धुना रचून दिल्या. तिथून वाढत वाढत ४३ रचनांचं 'आल्बम फॉर द यंग' तयार झालं. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या १८ रचना लहानांसाठी, पुढच्या २५ थोड्या मोठ्यांसाठी. यातली दहावी रचना कामावरून घरी परतणाऱ्या आनंदी शेतकऱ्याची आहे. तीत मुख्य चाल डाव्या हातात आहे. एरवी डावा हात मागे मागे राहतो, इथे त्याला पुढे आणलंय. म्हणजे एकच नवी गोष्ट, आणि तीही गाण्यातून!

शुमान यांची स्वतःची गोष्ट थोडी दुःखाची आहे. त्यांना मोठा पियानोवादक व्हायचं होतं, पण तरुणपणीच उजव्या हाताचं एक बोट निकामी झालं आणि ते स्वप्न सोडावं लागलं. पुढे त्यांनी छोट्या संगीतप्रेमींसाठी काही सूचना लिहिल्या, त्या १८५० मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांतल्या एका सूचनेचा आशय असा, की अवघड रचना कशीबशी वाजवण्यापेक्षा सोपी रचना चांगली आणि सुंदर वाजवण्याची खटपट करावी. आपल्या पत्रलेखक मित्राने हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

तिसरे बाबा हंगेरीचे बेला बार्टोक. १९२६ ते १९३९ या काळात त्यांनी १५३ रचना केल्या आणि त्यांचे सहा भाग केले. नाव ठेवलं 'मिक्रोकॉस्मॉस', म्हणजे छोटंसं विश्व. पहिले दोन भाग त्यांनी मुलाला, पेटेरला, अर्पण केले आहेत. अगदी पहिल्या रचनांत दोन्ही हात एकच चाल वाजवतात आणि पाच बोटं आपापल्या जागेवरून हलतसुद्धा नाहीत. सहाव्या भागातल्या रचना मात्र मोठे कलाकार मैफलीत वाजवतात. पहिलीपासून कॉलेजपर्यंतचं पुस्तक जणू!

पाहिलंत ना? तिघांनाही अवघड संगीत रचता येत होतं. पण मुलांसाठी लिहिताना त्यांनी या हाताला आज काय लागेल, एवढंच पाहिलं. आणि सोप्या रचना म्हणून त्या फडतूस केल्या नाहीत, आपल्या मोठ्या रचनांइतक्याच मन लावून केल्या. सोपी धून वाजवण्यात कमीपणा असता, तर बाखने मुलासाठी वही कशाला केली असती?

घरी करून पाहायच्या चार परीक्षा

एक, वीत मोजा. हात कागदावर ठेवून बोटं आरामात फाका. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पट्टी लावा. पियानोवर एका 'सा'च्या मध्यापासून वरच्या 'सा'च्या मध्यापर्यंत सुमारे साडेसोळा सेंटिमीटर अंतर असतं. तुमची वीत जेमतेम तेवढीच असेल, तर हे दोन सूर पुन्हा पुन्हा एकदम दाबायला लावणारी रचना आत्ता नको. हात ताणून ताणून दुखेल. वीत काही सरावाने वाढत नाही, ती वयाने वाढते! मनगट किंवा हात दुखायला लागला तर तिथेच थांबा आणि सरांना सांगा. 'सहन कर, सवय होईल' हे इथे लागू नाही. छोट्या हातांसाठी रचना आहेत की! फ्रीडरिश बुर्गम्यूलर या संगीतकाराने १८५१ मध्ये २५ छोट्या रचना छापल्या, त्या खास लहान हातांच्या वितीचा विचार करूनच. त्यातली दुसरी, 'अराबेस्क', ऐकायला इतकी झोकदार आहे की पाहुणे खूश होतील.

दोन, अर्ध्या गतीने वाजवा. नवी धून आठवडाभर नीट सराव करून मग अगदी सावकाश, दोन्ही हातांनी, न थांबता वाजवून पाहा. चुका झाल्या तरी चालेल, पण गाडी शेवटपर्यंत पोचते का? पोचत असेल तर निवड बरोबर आहे. महिना झाला तरी त्याच दगडाला ठेच लागत असेल, तर धून बदला. यात हार वगैरे काही नाही.

तीन, 'हळू म्हणजे सोपं' असं समजू नका. बेथोव्हनचीच 'मूनलाइट सोनाटा' घ्या, १८०१ सालची. तिचा पहिला भाग संथ आहे, म्हणून मुलांना वाटतं, ही जमेल. पण तिथे चार-चार सूर शार्प, म्हणजे तीव्र करून वाजवायचे. शिवाय उजव्या हाताची आतली बोटं सूर हळुवार फिरवत राहतात आणि त्याच हाताच्या वरच्या बोटांनी चाल ठळक गायची. एकाच हाताने दोन कामं! मोठ्यांनाही यासाठी खूप मेहनत घ्यावी लागते.

चार, नावावर जाऊ नका. शुमान यांचं 'सीन्स फ्रॉम चाइल्डहूड' हे १३ रचनांचं पुस्तक १८३८ मधलं. नावात बालपण आहे, पण ते मोठ्या माणसाला आठवणारं बालपण आहे. वाजवायलाही त्यातल्या बऱ्याच रचना मोठ्यांच्याच. मोझार्टने १७८८ मधल्या एका सोनाटाची नोंद करताना 'नवशिक्यांसाठी' असं लिहून ठेवलं. पण पाचव्या-सहाव्या मात्रागटातच उजवा हात सरसर वर-खाली धावायला लागतो. मोझार्टचा नवशिका म्हणजे आपला बराच शिकलेला बरं का!

पेटी आणि कीबोर्डवाल्यांसाठी

आपल्याकडे बरीच मुलं आधी पेटी शिकतात आणि मग पियानोकडे येतात. पेटीवर उजवा हात सूर वाजवतो, डावा भाता मारतो. त्यामुळे उजवा हात तयार आणि डावा अगदी बालवाडीत! अशा मुलांनी धून निवडताना डाव्या हाताची इयत्ता पाहावी. आनंदी शेतकऱ्याची धून त्यांना फार उपयोगी.

बऱ्याच घरांत पियानो नसतो, ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड असतो. खऱ्या पियानोला ८८ पट्ट्या, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. म्हणून काही रचनांतले अगदी खालचे किंवा वरचे सूर कीबोर्डवर मावतच नाहीत. काही कीबोर्डवर पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज सारखाच येतो. अशा कीबोर्डवर एखादी धून जमली नाही, तर दोष प्रत्येक वेळी तुमचा नसतो. पाच बोटांच्या छोट्या रचना मात्र तिथेही छान वाजतात.

पालकांसाठी दोन शब्द

लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षा आपल्याकडेही होतात. आधी 'इनिशियल' आणि मग पहिली ते आठवी ग्रेड. प्रत्येक ग्रेडसाठी रचनांच्या याद्या असतात. मुलाला परीक्षेला बसवायचं नसलं, तरी कोणती रचना साधारण कोणत्या पायरीवरची, हे या याद्यांवरून कळतं. त्या जरूर चाळा.

पण एक विनंती. ग्रेड म्हणजे इयत्ता नव्हे. सातवीतलं मूल पहिल्या ग्रेडला असेल, तर त्यात लाज वाटण्याजोगं काहीच नाही. शेजारच्या मुलीने चौथी ग्रेड दिली म्हणून आपल्या मुलाला तिसरी गाळून चौथीला बसवू नका. परीक्षेत तीन रचना वाजवायच्या असतात. काही घरांत वर्षभर त्या तीनच घोटल्या जातात. गुण मिळतात, पण चौथी रचना समोर ठेवली तर मुलाला वाचता येत नाही. वर्षात तीन अवघड रचनांपेक्षा पंधरा सोप्या रचना वाजवलेलं मूल पुढे जास्त टिकतं, कारण त्याला नवं पान उघडायची भीती वाटत नाही.

आणि पाहुण्यांसमोर 'वाजवून दाखव' म्हणण्याआधी मुलाला हळूच विचारा, 'आज कोणती वाजवशील?' निवड त्याची असू द्या. त्याने दोन ओळींची धून निवडली तरी टाळ्या मनापासून वाजवा. त्याच्या पोटातला गोळा तुम्हीच घालवू शकता.

तीन कप्पे

आता पत्रलेखक मित्रा, तुझ्यासाठी. आपल्या धुनांचे तीन कप्पे कर.

पहिल्या कप्प्यात येणाऱ्या धुना. किमान चार-पाच हव्यात, झोपेतून उठवलं तरी वाजवता येतील अशा. पाहुणे आले की याच कप्प्यात हात घालायचा.

दुसऱ्यात शिकायच्या धुना. एका वेळी एक किंवा दोन, आणि प्रत्येकीत एखादी-दुसरीच नवी गोष्ट. बुर्गम्यूलर आहे, शुमान आहेत. क्लेमेंटी नावाच्या संगीतकाराच्या १७९७ मधल्या सहा छोट्या सोनाटिना आहेत, त्यातली पहिली या कप्प्यात शोभेल. कोणती घ्यायची ते सरांना विचार. तुझा हात रोज त्यांच्यासमोर असतो, माझ्यासमोर नाही.

तिसऱ्या कप्प्यात स्वप्नातली धून. तुझी 'फ्यूर एलीझ' इथे ठेव. तिच्यातली भराभर धावायची ओळ, एकच सूर घुमवायची ओळ, असे तुकडे सरांना दाखव आणि विचार, 'हे येण्यासाठी आधी काय वाजवू?' म्हणजे दुसऱ्या कप्प्यातली प्रत्येक धून तुला तिच्याकडेच नेत राहील. दर सहा महिन्यांनी तिची सगळ्यांत अवघड ओळ सावकाश वाजवून बघ. एक दिवस ती दुसऱ्या कप्प्यात येईल. मधल्या काळात तिचं सोपं केलेलं रूप वाजवलंस तरी हरकत नाही. फक्त ते सोपं रूप आहे, हे आपल्याला ठाऊक असावं.

मावसभावाचं काय, असं विचारशील. अरे, तो किती वर्षं शिकतोय, ते एकदा त्याला विचार तर खरं!

मुलांनो, या आठवड्याचा गृहपाठ ऐका. आपलं वाद्य कोणतंही असो, वहीत तीन कप्पे आखा आणि भरा. पहिला कप्पा रिकामा असेल तर घाबरू नका, त्यात आधी एक सोपी, गोड धून घाला. वीतसुद्धा मोजा आणि आजची तारीख टाकून लिहून ठेवा. पुढच्या वर्षी याच दिवशी पुन्हा मोजा, मग मला कळवा, वीत किती वाढली आणि पहिला कप्पा किती भरला. पत्रांची वाट पाहते.

तुमची,
बाई